डीजे टेबलाखाली आहे

क्लबात डीजेचा खरा कस जिथे लागतो तो भाग कोणाला दिसतच नाही, कारण तेव्हा डीजे टेबलाखाली असतो. वर दिवे फिरतायत, बारवर बर्फ फुटतोय, दारावरच्या पोस्टरवर गॉगल लावलेला त्याचा फोटो आहे. आणि पोस्टरवरचा तोच इसम गुडघे टेकून, मोबाइल दातांत धरून, त्याच्या उजेडात कुठल्याशा मशीनची पाठ चाचपतोय. ‘डीजे काय, नुसतं बटण तर दाबतो’ असं म्हणणाऱ्यांना एकदा या टेबलाखाली आणून बसवायला हवं. बटण दाबायला अजून बराच अवकाश असतो. आधी ते बटण कोणाचं ऐकणार, हे ठरायचं असतं.

मला हे ठाऊक आहे, कारण माझा भाचा डीजे आहे आणि मी त्याचा ड्रायव्हर. रात्री उशिरा परतताना गाडीत एक तरी माणूस शुद्धीवर असावा, ही ताईची अट. भाचा पीत नाही. पण ताईचा क्लबातल्या हवेवरसुद्धा विश्वास नाही. त्यामुळे पाहुण्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘प्लस वन’ लिहिलेलं असतं, तो प्लस वन मी. कानात कापसाचे बोळे, हातात वायरींची पिशवी. दारावरचा बाउन्सर मला मुलीला घरी न्यायला आलेला बाप समजून अदबीनं बाजूला घेतो. घरीही फार वेगळी परिस्थिती नाही. भाचा डीजे आहे हे कळल्यावर तळमजल्यावरच्या आजोबांनी एकच प्रश्न विचारला होता, ‘टेम्पो स्वतःचा की भाड्याचा?’

क्लबाच्या टेबलावर मधे मिक्सर आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्लेअर, असा थाट असतो. ही मशीनं क्लबाची. डीजेनं फक्त गाणी घेऊन यायचं. पूर्वी हे फार सोपं होतं म्हणतात. टेक्निक्सची एसएल-१२०० ही टर्नटेबल १९७२ साली निघाली आणि पुढं जगभरच्या क्लबांत जाऊन बसली. रेकॉर्ड ठेवायची, सुई टेकवायची. टर्नटेबलनं कधी कोणाला ‘आपण कोण?’ म्हणून विचारलं नाही. मग २००१ साली पायोनियरनं सीडीजे-१००० आणला. सीडीवरचं गाणं त्याच्या वरच्या चकतीनं रेकॉर्डसारखं मागंपुढं ओढता येई, आणि रेकॉर्डच्या पेट्या वाहून पाठी गेलेल्या मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला. २००९ च्या सीडीजे-२००० ला पेन ड्राइव्ह लागू लागला. २०२० च्या सीडीजे-३००० ला तर सीडी घालायची फटच उरली नाही.

इथून डीजेंचे दोन पंथ झाले. एक पेन ड्राइव्हवाल्यांचा. ही मंडळी घरी बसून रेकॉर्डबॉक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्यांची सगळी तयारी करतात, ती पेन ड्राइव्हवर उतरवतात आणि खिशात हात घालून क्लबात येतात. आल्यावरही हात खिशातच असतात. यांच्याविषयी आपल्याला काही म्हणायचं नाही. सुखी माणसांवर विनोदी लेख होत नाही. दुसरा पंथ लॅपटॉपवाल्यांचा, आणि आमचे चिरंजीव त्यातले. त्याची सगळी गाणी, कुठल्या गाण्यात कुठं उडी मारायची याच्या रंगीत खुणा, कुठल्या गाण्यामागं कुठलं चालतं याची टिपणं, सगळा संसार लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुठलं सॉफ्टवेअर ते सांगत नाही. त्या विषयावरून त्याचे दोन मित्र एकमेकांच्या लग्नाला गेलेले नाहीत.

लॅपटॉपवाल्याला एकच हवं असतं: क्लबाच्या प्लेअरनं आपला अहंकार बाजूला ठेवून त्याच्या लॅपटॉपचं ऐकावं. चकती फिरवली प्लेअरवर, गाणं हलावं लॅपटॉपमधलं. कागदावर हे होतं. होतं म्हणजे, ज्या मशीनशी ओळख आहे तिथं होतं. पण रोज नवा क्लब, रोज नवं मशीन. परगावी गेलेल्या कीर्तनकाराला गावची पेटी मिळावी तसला हा प्रकार. बुवांचा आवाज काळी दोनचा, आणि पेटीची नेमकी तीच पट्टी गेल्या श्रावणापासून मुकी. पेटीवाला मान हलवून म्हणतो, ‘कालपर्यंत वाजत होती बुवा.’ बुवा हसतात आणि पांढरी एक धरतात. लॅपटॉपला हसता येत नाही. तो ‘डिव्हाइस नॉट फाउंड’ म्हणतो आणि स्वस्थ बसतो.

तयारी आठवडाभर आधी सुरू होते, व्हॉट्सअॅपवर. भाचा क्लबाच्या मॅनेजरला विचारतो, ‘प्लेअर कोणते आहेत?’

‘पायोनियर सर. लेटेस्ट.’

मालक ज्या वर्षी शेवटचा खुशीत होता त्या वर्षाचं जे काही असेल ते लेटेस्ट. ते २००९ चं २००० असू शकतं, २०१२ चं नेक्सस असू शकतं, २०१६ चं नेक्सस टू असू शकतं. वरून बघितलं तर सगळी सख्खी भावंडं. पण एका भावंडाशी सॉफ्टवेअर जसं बोलतं तसं दुसऱ्याशी बोलत नाही. आणि क्लबात दोन वेगवेगळी भावंडं शेजारी ठेवण्याची प्रथा आहेच, कारण तिसरं दुरुस्तीला गेलेलं असतं.

‘एक फोटो पाठवाल का?’

फोटो येतो. त्यात निळा धूर, लेझर आणि हात वर केलेली शंभरएक माणसं. मशीन नाही.

‘मशीनचा पाठवा ना.’

मशीनचा येतो. वरून काढलेला, फ्लॅश मारून, म्हणजे मॉडेलचं नाव जिथं लिहिलेलं असतं तिथं पांढरा गोळा.

‘मागच्या बाजूचा?’

‘मागे काही नाही सर. भिंत आहे.’

आणि सगळं तर मागेच असतं. लाल-पांढऱ्या ऑडिओ पिना, पॉवरची वायर, प्लेअर एकमेकांना जोडायचं लॅनचं भोक, आणि एका कोपऱ्यात जवळजवळ चौकोनी, वरचे दोन कोपरे छाटलेलं आणखी एक. ते यूएसबी-बी. लॅपटॉपची वायर तिथं जाते. या भोकाची गंमत अशी, की इतकी महागडी मशीनं आणि यांना लागणारी वायर मात्र घरगुती प्रिंटरची. आमच्या घरचा प्रिंटर त्यामुळे शोभेचा झालाय. त्याची वायर पुण्यातून निघून गोव्यापर्यंत जाऊन आली. मुलीचं हॉल तिकीट छापायचं होतं तेव्हा ती वागातोरला होती.

प्लेअर दोन, म्हणून वायरी दोन. लॅपटॉपला मात्र हल्ली बारीक गोल कडांची दोनच भोकं असतात, आणि त्यातल्या एकात चार्जर. मग हब आला. हबला स्वतःची वीज असलेली बरी, नाहीतर दोन मशीनं जोडल्यावर तो ऐन गाण्यात मान टाकतो. वीज म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड. बोर्ड असतो, पण त्यावर आधीच धुराचं मशीन, भिंतीवरचं गुलाबी निऑन आणि बारवरच्या पोराचा मोबाइल. यातलं काय काढायचं हा प्रश्न तांत्रिक नसून राजनैतिक आहे, आणि तो सोडवायला मला पाठवतात. वय उपयोगी पडतं. निऑन काढलं तर मालक येतो, धूर काढला तर लाइटवाला येतो. मी मोबाइल काढतो, आणि त्या पोराला आमच्या गाडीतला पॉवर बँक आणून देतो.

या सगळ्यावर देखरेख करणारा इसम म्हणजे ऑपरेटर. क्लबाच्या साउंडचा मालक-चालक-पालक तोच. काळा टी-शर्ट, कमरेला चिकटपट्टीचं रीळ, आणि चेहऱ्यावर, लग्नात आचाऱ्याच्या तंबूत आगंतुक पाहुणा डोकावला की आचाऱ्याच्या चेहऱ्यावर येतो तो भाव. त्याच्या वायरी त्यानं आयुष्यात एकदा लावल्यात, पट्टी मारून बंद केल्यात, आणि आता त्या कोणी हलवू नयेत एवढीच त्याची इच्छा. तिच्यात गैर काही नाही. रोज नवा पोरगा येऊन आपल्या मशीनची पाठ खाजवणार असेल तर कोणीही वैतागेल.

‘दादा, हा प्लेअर लॅपटॉपला दिसत नाहीये.’

‘आम्हाला तर दिसतोय.’

‘म्हणजे सॉफ्टवेअरला दिसत नाहीये.’

‘काल एक दिल्लीचा डीजे आला होता. त्याला दिसला.’

या दिल्लीच्या डीजेला मी अजून भेटलेलो नाही. पण तो प्रत्येक क्लबात आदल्या दिवशी येऊन गेलेला असतो आणि त्याला सगळं दिसलेलं असतं.

नुसती वायर घातली की झालं, असंही नाही. प्लेअरच्या पडद्यावर जाऊन त्याच्याकडून आता तू पेन ड्राइव्हचं नाही, लॅपटॉपचं ऐकायचंस असं कबूल करून घ्यावं लागतं. मग तू सॉफ्टवेअरमधली पहिली चकती की दुसरी, हेही सांगावं लागतं. घाईत हे उलट झालं की मोठी करमणूक. भाचा डावी चकती फिरवतो, पडद्यावर उजवं गाणं पळतं; तो घाबरून उजवी थांबवतो, तर डावं गप्प होतं. लॅपटॉप विंडोजवाला असेल तर आणखी एक पायरी: प्रत्येक जातीच्या मशीनसाठी त्याचा त्याचा ड्रायव्हर लागतो. आमच्याकडे नेमका आदल्या मॉडेलचा असतो. उतरवून घ्यायला इंटरनेट हवं, आणि क्लब तळघरात. मग मामा जिन्याच्या सहाव्या पायरीवर. तिथं नेटवर्कच्या दोन कांड्या येतात. एका हातात माझा मोबाइल उंच धरून, हॉटस्पॉट चालू ठेवून, मी दिव्यांच्या उजेडात लाल-निळा होत उभा. खाली उतरणाऱ्या दोन मुलींना वाटलं मी व्हिडिओ काढतोय. त्यांनी पोज दिली आणि गेल्या.

हे जमलं नाही तर जुनी वाट आहे. ती काढणारे डच. फायनल स्क्रॅच नावाचा प्रकार नेदरलँड्समधल्या मंडळींनी काढला, आणि २००४ साली न्यूझीलंडच्या सेराटोनं अमेरिकेच्या रेनबरोबर स्क्रॅच लाइव्ह बाजारात आणून तो घरोघर, म्हणजे क्लबोक्लबी, नेला. कल्पना अफलातून आहे. रेकॉर्डवर किंवा सीडीवर गाणं नसतंच. असतो फक्त एक सिग्नल, एक अखंड शिट्टी. प्लेअरनं ती वाजवायची, ती लॅपटॉपनं ऐकायची, आणि शिट्टी भरभर की हळू, पुढं की मागं, यावरून चकती कशी फिरतेय ते ओळखून आपल्यातलं खरं गाणं तसं हलवायचं. म्हणजे मशीन अनोळखी असलं तरी चालतं. त्याला फक्त शिट्टी वाजवता आली पाहिजे. मला स्वतःला ही पद्धत सगळ्यात आवडते. हिच्यात ओळखपाळख मागणं नाही.

एकच अडचण. शिट्टी आधी लॅपटॉपकडे गेली पाहिजे, मिक्सरकडे नाही. त्यासाठी मधे एक छोटी डबी ठेवतात. प्लेअरच्या वायरी मिक्सरमधून उपटून डबीत घालायच्या आणि डबीच्या वायरी मिक्सरमध्ये. ‘उपटून’ हा शब्द ऐकताच ऑपरेटर खाली बसतो. अंधारात, पट्ट्या सोलत, आठ एकसारख्या लाल-पांढऱ्या पिनांमधून नेमक्या चार शोधायच्या. एका क्लबात चारांपैकी तीनच सापडल्या होत्या. चौथी सरळ मिक्सरमध्येच राहिली, आणि भाच्यानं आवाजाचा फेडर वर केला.

सेराटोच्या शिट्टीची पट्टी १००० हर्ट्झ. टीव्हीवर शिवी झाकायला जो ‘टूंऽऽ’ वाजवतात तो साधारण याच उंचीचा. माणसाइतक्या उंच स्पीकरांमधून तो बाहेर पडला तेव्हा सगळा क्लब जागच्या जागी थबकला. ऑपरेटरनं कान झाकले. बारवरचे एक सद्गृहस्थ ग्लास खाली ठेवून विचारते झाले, ‘कोण शिव्या देतंय?’ खरं तर त्या क्षणी ऑपरेटर देत होता. पण शिट्टीखाली त्या अचूक झाकल्या गेल्या.

शेवटी येतो पेन ड्राइव्ह. लॅपटॉपवाल्याला हे धर्मांतरासारखं वाटतं, म्हणून तो ते अगदी नाइलाजानं करतो. त्यातही कसोट्या आहेत. बरेच जुने प्लेअर पेन ड्राइव्ह वाचतात तो फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला. विंडोजची नेहमीची एनटीएफएस त्यांना समजत नाही. आणि फॅट-३२ मध्ये चार जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही, म्हणून लग्नाचे व्हिडिओ वगैरे ठेवणारी तरुण पिढी आपले पेन ड्राइव्ह दुसऱ्या पद्धतीनं फॉरमॅट करून बसलेली असते. भाच्याचा चकचकीत पेन ड्राइव्ह प्लेअरनं एकदा हुंगला आणि नाकारला. मित्राचाही नाकारला. तेव्हा माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यातला निघाला. आठ जीबीचा, एका पतसंस्थेनं रौप्यमहोत्सवाला वाटलेला, त्यांच्या लोगोसकट. त्याला कोणी कधी फॉरमॅट करायला गेलंच नव्हतं. घातल्याबरोबर लागला.

घाईघाईनं लॅपटॉपमधली गाणी त्यावर उतरवली. उतरली ती नुसती गाणी. खुणा, टिपणं, रंग हे सगळं लॅपटॉपमध्येच राहिलं, कारण एका सॉफ्टवेअरचं टिपण दुसऱ्याच्या मशीनला वाचता येत नाही. शिवाय प्लेअर पेन ड्राइव्हवरचे फोल्डर दाखवतो ते सगळे दाखवतो. त्या रात्री प्लेअरच्या झगझगीत पडद्यावर यादी उमटली: सोसायटी एजीएम, ताई शुगर रिपोर्ट, गॅस सबसिडी, आणि सगळ्यांत शेवटी टेक्नो. पहिल्या रांगेतला एक दाढीवाला मुलगा वाकून वाचत होता. त्यानं भाच्याला अंगठा दाखवला. त्याला बहुधा ती ट्रॅकची नावं वाटली. हल्ली काही सांगता येत नाही. ‘गॅस सबसिडी’ हे एखाद्या बर्लिनच्या कलाकाराला शोभेलसं नाव आहे.

भाचा मात्र दोन तास तोंड पाडून वाजवत होता, आणि लोक नाचत होते. खुणा नाहीत म्हणून तो हेडफोन कानाला दाबून प्रत्येक गाण्याची सुरुवात शोधायचा. मी सांगितलं, ‘अरे, छान चाललंय.’ तो म्हणाला, ‘मामा, तुझ्या कानात कापूस आहे.’

मग येते पाळी बदलायची वेळ, आणि हा सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून, फक्त आता गाणं चालू असताना. पुढचा डीजे स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतो. भाचा वर वाजवतोय, हा खाली त्याच्या पायांत घुसतो. दोघंही कमालीचे सभ्य. दोघांच्याही मनात काय चाललंय ते मला दिसत असतं. ‘ही काढू का?’ खालून आवाज येतो. वरच्याला ऐकू येत नाही. तो गाण्याच्या तालावर मान हलवतो. खालचा त्या मान हलवण्याचा अर्थ ‘हो’ असा घेतो.

एकदा असंच झालं, आणि वायरीऐवजी निघाला पतसंस्थेचा पेन ड्राइव्ह. प्लेअर लॅननं एकमेकांना जोडलेले असले की एकाच पेन ड्राइव्हवर चार प्लेअरसुद्धा चालतात. सोय मोठी आहे, आणि काढला की पंचाईतही तेवढीच मोठी. पण नव्या मॉडेलांच्या कर्त्यांनी माणसाचा स्वभाव ओळखून ठेवलेला. पेन ड्राइव्ह गेला तर प्लेअर गप्प होत नाही. चार ठोक्यांचा जो तुकडा हाताशी असेल तोच फिरवत राहतो. याला इमर्जन्सी लूप म्हणतात. तेव्हा हातात आलेल्या तुकड्यात एका बाईचा ‘आऽ’ आणि एक टाळी होती. ‘आऽ’, टाळी. ‘आऽ’, टाळी. भाचा दोन्ही हात वर करून गोठला. खालचा पेन ड्राइव्ह हातात घेऊन गोठला. आणि क्लब पेटला. लोकांना वाटलं आता काहीतरी फुटणार. ते टाळीवर टाळी देऊ लागले, शिट्ट्या वाजल्या, मोबाइल वर झाले. खालच्यानं तेवढ्यात आपला लॅपटॉप लावला, मॅक होता, लगेच दिसला, आणि त्यानं ढोल पाडल्यासारखं आपलं पहिलं गाणं त्या टाळीवर सोडलं. छप्पर उडालं. त्या पाळीबदलाचा व्हिडिओ अजून फिरतोय, आणि खाली लोकांनी भाच्याच्या ‘टेन्शन बिल्ड करण्याच्या’ कौशल्याबद्दल लिहिलंय. त्यानं तो स्वतःच्या पानावर टाकलाय. मी काही बोललो नाही.

एवढं झाल्यावर सामान आवरायचं. इथं मात्र वातावरण गंभीर होतं, कारण प्रश्न वायरींचा असतो. डीजेच्या धंद्यात माणसं लाखाच्या मशीनवर एकमेकांवर विश्वास टाकतात. शंभर-दीडशेच्या वायरीवर नाही. ऑपरेटरनं यूएसबी-बीची एक वायर गुंडाळून कमरेला लावली. भाचा म्हणाला, ‘दादा, ती माझी.’

‘आमची आहे. आमच्या मशीनलाच तर लागली होती.’

‘मी आणली होती.’

‘दिल्लीच्या डीजेनं ठेवलेली आहे ती.’

मी टॉर्च लावून वायर उलटी केली. टोकाशी औषधाच्या बाटलीवर लावतात तसली चिठ्ठी होती, सेलोटेपनं तीन वेढे देऊन पक्की केलेली, आणि तिच्यावर माझ्या बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘प्रिंटर. घराबाहेर नेऊ नये.’ ऑपरेटरनं ती दोनदा वाचली. मग वायर माझ्या हातात देत म्हणाला, ‘काका, लवकर घरी जा.’